लॅटिन ‘वक्का’ : गाईचं नाव लसीला कसं मिळालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘वक्का’ म्हणजे नेमकं काय?

लॅटिन भाषेत ‘वक्का’ म्हणजे गाय. शब्द स्त्रीलिंगी आहे आणि त्याचा अर्थ व्यालेली, दुभती किंवा निदान वयात आलेली मादी असा आहे. त्यावरून ‘वक्किनुस’ हे विशेषण झालं, म्हणजे ‘गाईचा, गाईपासून मिळालेला’. त्याचं स्त्रीलिंगी रूप ‘वक्किना’. आज जगभर बोलला जाणारा ‘व्हॅक्सिन’ हा शब्द म्हणजे हे विशेषणच.

उच्चार ‘वक्का’ की ‘व्हॅका’?

जुन्या रोममध्ये पहिला वर्ण ओठ गोल करून, आपल्या ‘वारा’तल्या ‘व’सारखा म्हणत आणि ‘क’ स्पष्ट दुहेरी म्हणत. त्यामुळे देवनागरीत ‘वक्का’ लिहिलं की मूळ उच्चाराच्या बरंच जवळ जाता येतं. इंग्रजीतला ‘क्स’ फार नंतरचा. पुढे ‘इ’ आला की दुसऱ्या ‘क’चा ‘स’ व्हायला लागला, म्हणून ‘वक्किना’चं ‘व्हॅक्सिन’ झालं.

रोमन लोक सगळ्या गुरांना ‘वक्का’च म्हणायचे का?

नाही. शेतकऱ्याची भाषा कुठेही एका शब्दावर भागत नाही. ‘बोस’ हा सर्वसाधारण शब्द होता. तो बैलालाही चाले आणि गाईलाही. वळू म्हणजे ‘टाउरुस’, वासरू म्हणजे ‘विटुलुस’, कालवड म्हणजे ‘युवेंका’. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात शेतीवर लिहिणाऱ्या व्हॅरोने आणखी बारीक भेद नोंदवले आहेत. वांझ गाईला ‘टाउरा’ म्हणत आणि गाभण गाईला ‘होर्डा’. या दुसऱ्या शब्दाचं ‘फोर्डा’ असंही रूप होतं. १५ एप्रिलला रोममध्ये ‘फोर्डिकिडिया’ नावाचा सण असे आणि त्यात भूमीदेवतेला गाभण गाय बळी देत. आपल्याला हे वाचवत नाही, पण शेतीच्या हंगामाशी जोडलेला तो त्यांचा धर्माचार होता, आणि सणाच्या नावातच गाईची अवस्था सांगितलेली आहे.

कालवड, पाडी, खोंड, गाभण, भाकड हे शब्द ज्याच्या घरात रोज बोलले जातात त्याला व्हॅरोची ही यादी अजिबात परकी वाटणार नाही.

‘वक्का’ आणि आपली ‘गाय’ एकाच मुळाचे शब्द आहेत का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. उत्तर ‘नाही’ असं आहे, पण त्यामागची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

आपल्या ‘गाय’चं नातं लॅटिनमधल्या दुसऱ्या शब्दाशी, म्हणजे ‘बोस’शी आहे. संस्कृत ‘गौः’, ग्रीक ‘बूस’, लॅटिन ‘बोस’ आणि इंग्रजी ‘काऊ’ ही चारही भावंडं. या साऱ्या भाषांची पूर्वज मानल्या जाणाऱ्या मूळ भारोपीय भाषेत या शब्दाच्या सुरुवातीला ‘ग्व’सारखा ध्वनी होता. संस्कृतात त्याचा ‘ग’ झाला, ग्रीकमध्ये ‘ब’ आणि इंग्रजीत ‘क’. लॅटिनमध्ये नियमाने ‘व’ व्हायला हवा होता: आपला ‘गम्’ धातू तिकडे ‘वेनिओ’ (मी येतो) असा दिसतो आणि ‘जीव’ तिकडे ‘वीवुस’ असा. मग ‘वोस’ न होता ‘बोस’ का झालं? तर हा शब्द रोमच्या लोकांनी शेजारच्या इटालिक बोलींमधून उचलला असं मानतात. त्या बोलींत या ध्वनीचा ‘ब’ होत असे.

मग ‘वक्का’ला संस्कृतात कुणी नातेवाईक आहे का?

आहे, असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. तो शब्द म्हणजे ‘वशा’. लॅटिन ‘क’च्या जागी संस्कृतात ‘श’ येणं हे नेहमीचंच आहे: ‘डेकेम’ आणि ‘दश’, ‘केंटुम’ आणि ‘शतम्’. त्याच धर्तीवर ‘वक्का’ आणि ‘वशा’.

अथर्ववेदात वशा गाईवर स्वतंत्र सूक्तं आहेत, दहाव्या कांडात एक आणि बाराव्या कांडात एक. तिथे ती फार मानाची गाय आहे. नंतरच्या संस्कृतात मात्र ‘वशा’चा रूढ अर्थ ‘वांझ गाय’ असा झाला आणि अमरकोशात तो तसाच दिला आहे. त्याच कोशात हत्तिणीलाही ‘वशा’ म्हटलं आहे. म्हणजे एकाच शब्दाची लॅटिनमध्ये दुभती गाय झाली आणि संस्कृतात वांझ. शब्द हजारो वर्षं चालत राहिले की असं होतं.

एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘वक्का’तला दुहेरी ‘क’ या नियमात नीट बसत नाही आणि त्याचं सर्वांना पटलेलं स्पष्टीकरण अजून झालेलं नाही. त्यामुळे ‘बहुधा नातं आहे’ इतकंच म्हणावं. ‘व्हॅक्सिन हा संस्कृत शब्द आहे’ असे निरोप मोबाइलवर फिरतात, ते मात्र सरळ चुकीचे आहेत. एकाच आजीची दोन नातवंडं असली म्हणून एक नातवंड दुसऱ्याचं मूल होत नाही.

आणि ‘वासरू’?

इथे नातं जास्त पक्कं आहे. ‘वासरू’ आलं संस्कृत ‘वत्स’वरून, आणि ‘वत्स’ व लॅटिन ‘विटुलुस’ यांचं मूळ ‘वर्ष’ या अर्थाच्या शब्दात आहे. वासरू म्हणजे वर्षाचं पिल्लू. ‘इटली’ हे देशाचं नावही याच वासरावरून पडलं असं एक जुनं मत आहे. इसवी सनापूर्वी ९१ ते ८८ या काळात रोमविरुद्ध लढलेल्या इटालिक जमातींनी आपल्या नाण्यांवर ‘विटेलिऊ’ असं लिहिलं होतं. त्यातल्या काही नाण्यांवर रोमच्या लांडग्याला शिंगांनी भोसकणारा बैल आहे.

लसीच्या नावात गाय नेमकी कुठून आली?

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधल्या बर्कली गावातून. तिथे एडवर्ड जेनर हा डॉक्टर होता. त्या काळात देवीच्या रोगाने घरंच्या घरं उजाड व्हायची. जी माणसं वाचत त्यांचे चेहरे कायमचे व्रणांनी भरत, अनेकांची दृष्टी जाई. गवळणींमध्ये मात्र एक समज होता, की ज्यांच्या हाताला गाईच्या देवीचे फोड येऊन गेले त्यांना माणसांच्या देवी येत नाहीत. गाईच्या सडांवर फोड येत, धार काढणाऱ्या बाईच्या बोटांना ते लागत, चार दिवस ताप येई आणि बरं वाटे. एवढंच.

हे फक्त जेनरलाच माहीत होतं असं नाही. डॉर्सेटमधल्या बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने १७७४ मध्ये गाईच्या फोडांतला द्रव आपल्या बायकोला आणि दोन मुलांना सुईने टोचला होता. जेनरचं मोठेपण असं, की त्याने हा समज तपासून पाहिला, लिहून काढला आणि जगापुढे ठेवला. १४ मे १७९६ रोजी त्याने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव घेतला आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडाला टोचला. जेम्स हा जेनरच्या माळ्याचा मुलगा. साराला ज्या गाईकडून हे फोड आले तिचं नाव ब्लॉसम, आणि तिचं कातडं लंडनच्या सेंट जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाने जपून ठेवलं. १ जुलैला जेनरने त्याच मुलाला खऱ्या देवीच्या फोडांतला द्रव टोचला. मुलाला काही झालं नाही. आजच्या नियमांत हा प्रयोग कुणालाही करता येणार नाही आणि करूही देऊ नये. तरी जेम्सच्या त्या दंडाचं ऋण साऱ्या माणसांवर आहे असं मला मनापासून वाटतं.

१७९८ मध्ये जेनरने स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापली. त्या काळी वैद्यकाची परिभाषा लॅटिन होती, म्हणून त्याने या रोगाला नाव दिलं ‘वारिओले वक्किने’, म्हणजे ‘गाईच्या देवी’. यातला ‘वारिओला’ म्हणजे देवी, आणि ‘वक्किना’ हे त्याला लागलेलं विशेषण. मूळ नाव अनेकवचनी आहे हेही बघा. आपणही ‘देवी आल्या’, ‘कांजण्या आल्या’ असंच म्हणतो. अंगावर उठणारा एकेक फोड मोजून ठेवलेलं नाव आहे ते, तिकडेही आणि इकडेही.

पुढे ‘वारिओले’ गळून पडलं आणि नुसतं विशेषण उरलं.

‘व्हॅक्सिनेशन’ हा शब्द जेनरचाच का?

त्याचा नाही. प्लिमथचा शल्यवैद्य रिचर्ड डनिंग याने १८०० मध्ये तो वापरला. डनिंग जेनरचा चाहता होता. दोन वर्षांतच लंडनमध्ये जेम्स गिलरेचं एक व्यंगचित्र निघालं. त्यात लस टोचून घेतलेल्या माणसांच्या हातातून, नाकातून, दंडातून लहान लहान गाई बाहेर पडताना दाखवल्या होत्या. शब्दातली गाय त्या वेळी लोकांना लख्ख दिसत होती आणि तिची भीतीही वाटत होती.

गाईशी काहीही संबंध नसलेल्या लसींनाही ‘व्हॅक्सिन’ का म्हणतात?

याचं श्रेय लुई पाश्चरला. त्याने कोंबड्यांचा कॉलरा आणि गुरामेंढ्यांचा काळपुळी रोग यांवर क्षीण केलेल्या जंतूंपासून प्रतिबंधक द्रव्यं तयार केली. १८८१ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली, तेव्हा जेनरचा मान म्हणून ‘व्हॅक्सिनेशन’ हा शब्द अशा सगळ्या उपायांना लावावा असं त्याने सुचवलं. तेव्हापासून शब्दाचा अर्थ रुंद झाला. कोंबडीसाठी बनवलेल्या द्रव्यालाही गाईचं नाव मिळालं, ते आदरापोटी.

लसीतला विषाणू खरंच गाईचा होता का?

पूर्णपणे नाही. देवीच्या लसीत पुढे जो विषाणू वापरला गेला त्याला ‘व्हॅक्सिनिया’ म्हणतात, आणि तो गाईच्या देवीच्या विषाणूपेक्षा घोड्याच्या देवीच्या विषाणूला जास्त जवळचा आहे असं जनुकीय अभ्यासातून दिसलं आहे. जेनरलाही वाटत होतंच, की हा रोग घोड्यांच्या पायांवरच्या फोडांतून गाईपर्यंत येतो. घोड्याला लॅटिनमध्ये ‘एक्वुस’ म्हणतात, आपल्या ‘अश्व’चा भाऊ. पण नाव गाईचंच टिकलं. जेनरने पाहिलेली जखम गवळणीच्या हातावर होती, आणि नाव पडतं ते डोळ्यांसमोर दिसतं त्यावरून.

ही लस आपल्याकडे कधी आली?

१८०२ मध्ये, मुंबईत. युरोपातून समुद्रमार्गे येईपर्यंत द्रव वाळून निकामी होई. शेवटी व्हिएन्नाहून इस्तंबूल, बगदाद आणि बसरा अशा वाटेने तो मुंबईला पोचला. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला तो टोचला गेला आणि भारतातली ती पहिली लस ठरली. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना, त्यांच्याकडून आणखी पुढे, अशी दंडोदंडी ती मद्रास आणि कलकत्त्याकडे गेली.

असं दंडोदंडी टोचण्यात दुसरे रोग पसरायची भीती असे. म्हणून एकोणिसाव्या शतकात वासरांच्या कातडीवर फोड उठवून त्यातला द्रव वापरायची पद्धत आली. शब्दातली गाय तेव्हा पुन्हा प्रत्यक्षात उभी राहिली. बेळगावच्या टिळकवाडीतला ‘व्हॅक्सिन डेपो’ ही त्याच पद्धतीची खूण आहे. आज तिथल्या झाडांखाली फिरायला जाणाऱ्यांपैकी अनेकांना नावाचं कारण ठाऊक नसतं. तिथे देवीची लस तयार होत असे.

इंग्रज अधिकाऱ्यांना वाटलं होतं की गाईचं नाव सांगितलं की हिंदू लोक लस आनंदाने घेतील. तसं झालं नाही. वासराला त्रास देऊन काढलेला द्रव अंगात घ्यायला अनेकांचा विरोध होता, गांधीजींचाही होता.

‘आपल्या ग्रंथांत गाईच्या लसीचं वर्णन जेनरच्या आधीपासून आहे’ हे खरं का?

दोन गोष्टींची इथे गल्लत होते. माणसाच्याच देवीचा द्रव दुसऱ्याला थोडा टोचून सौम्य रोग आणायची पद्धत भारतात, विशेषतः बंगालात, जेनरच्या आधीपासून नक्की होती. हॉलवेल या इंग्रजाने १७६७ मध्ये तिचं तपशीलवार वर्णन लिहिलं आहे. ती आपली खरी परंपरा आहे आणि तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

गाईच्या सडांवरचा द्रव टोचावा असं सांगणारे जे संस्कृत उतारे दाखवले जातात, ते मात्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुद्दाम रचलेले आहेत. जुन्या ग्रंथाचा आधार दिला तर लोक नवी लस घेतील, या चांगल्या हेतूने ते केलं गेलं. हेतू चांगला असला तरी उतारा बनावट तो बनावट. जे खरंच होतं ते एवढं मोलाचं असताना खोट्याची गरजच काय?

मराठीत गाईचं नाव न घेता ‘लस’ का म्हणतात?

मराठीने प्राणी न पाहता पदार्थ पाहिला. लस म्हणजे जखमेतून, फोडातून पाझरणारा चिकट, पातळ द्रव. ‘जखमेतून लस वाहते’ असं आपण अजूनही म्हणतो. आयुर्वेदातली ‘लसीका’ आणि शाळेच्या पुस्तकातल्या ‘लसिका ग्रंथी’ याच कुळातल्या. सुरुवातीच्या काळात टोचत असत ते फोडातलं पाणीच, त्यामुळे ‘लस टोचणे’ हा शब्दप्रयोग अक्षरशः खरा होता.

जुनी माणसं ‘देवी काढणे’ असंही म्हणत. ‘पोराच्या देवी काढल्या का?’ म्हणजे त्याला लस टोचली का. रोगाचं, देवतेचं आणि उपायाचं नाव एकच होतं. आजी-आजोबांच्या दंडावर नाण्याएवढा खोलगट, चुण्या पडलेला डाग असेल तर नीट पाहा, तो ‘देवी काढल्याचा’ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ८ मे १९८० रोजी देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं, त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर हा डाग सहसा सापडत नाही.

इनॉक्युलेशन, सीरम, व्हायरस हे शब्दही प्राण्यांवरून आलेत का?

‘इनॉक्युलेशन’मध्ये लॅटिन ‘ओकुलुस’ म्हणजे डोळा आहे, पण झाडाचा. कलम करताना दुसऱ्या झाडाचा डोळा सालीत बसवतात, त्यावरून. गुलाबाला ‘डोळा भरणारा’ आपला माळी आणि ‘उसाचा डोळा’ म्हणणारा आपला शेतकरी अगदी हाच शब्द वापरतो.

‘सीरम’चा जुना लॅटिन अर्थ दूध फाटल्यावर सुटणारं पाणी, आपली निवळी. ‘विरुस’ म्हणजे विष, आणि ‘विरुस’ व आपलं ‘विष’ हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत.

‘व्हेकेशन’ आणि ‘व्हॅक्यूम’मध्येही गाय आहे का?

नाही. ते ‘वकारे’, म्हणजे रिकामं असणं, या क्रियापदावरून आले. ब्लूबेरीच्या वंशाचं ‘व्हॅक्सिनियम’ हे शास्त्रीय नावही दिसायला सारखं आहे. ते एका जुन्या लॅटिन वनस्पतीनामावरून घेतलं आहे आणि गाईशी त्याचं नातं सिद्ध झालेलं नाही.

आजच्या युरोपीय भाषांत ‘वक्का’ कुठे दिसते?

स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘वाका’, फ्रेंचमध्ये ‘वाश’, रोमेनियनमध्ये ‘वाकं’. स्पॅनिशमध्ये तर लस म्हणजे ‘वाकूना’ आणि गोधन म्हणजे ‘गनादो वाकूनो’. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की कुणालाही नातं कळतं. स्पॅनिश गुराखी ‘वाकेरो’, आणि अमेरिकेतल्या घोडेस्वार गुराख्यांची बरीचशी परंपरा त्याच्याकडून आलेली. इटलीत मात्र, जिथे हा शब्द जन्मला तिथे, दुभत्या गाईला आता बहुतेक ‘मुक्का’ म्हणतात. ‘वाक्का’ शब्द बाईला शिवी म्हणून वापरला जाऊ लागला आणि रोजच्या बोलण्यात लोक तो टाळू लागले.

मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातात ‘वाकिता’ नावाचा एक लहान सागरी सस्तन प्राणी आहे. नावाचा अर्थ ‘छोटी गाय’. शास्त्राला त्याची ओळख १९५८ मध्ये झाली आणि आता मासेमारीच्या जाळ्यांत अडकून तो दहाच्या आसपास उरला आहे. लसीतली गाय कोट्यवधी माणसांना वाचवून गेली. या छोट्या गाईला वाचवणं माणसाच्या हातात आहे आणि वेळ फार थोडा आहे.

आजच्या लसींत गाईचा काही अंश असतो का?

नावापुरती गाय सगळ्याच लसींत आहे, पण पुण्यात तयार झालेल्या कोविशील्डचंच पाहा: त्यात वाहक म्हणून वापरलेला विषाणू चिंपांझीकडून मिळालेला होता. उलट २०२२ मध्ये महाराष्ट्रात गुरांच्या लम्पी या त्वचारोगाची साथ आली तेव्हा गाईबैलांना जी लस टोचली ती शेळ्यांच्या देवीवरची होती. लम्पीचा आणि शेळ्यांच्या देवीचा विषाणू एकाच कुळातले असल्यामुळे ती चालते. गावोगावी गोठ्यांत जाऊन पशुवैद्यकांनी ती टोचली. गाईच्या देवीने माणसाला वाचवलं ते याच तत्त्वावर.